रावेरच्या माणसाला वाळवंट दाखवायचं म्हणजे

"पैसे देऊन ऊन बघायला जायचं?" हा अण्णांचा पहिला प्रश्न, आणि खरं सांगते, माझ्याकडे उत्तर नव्हतं.

अण्णा म्हणजे माझे वडील. रावेर तालुक्यात केळी करण्यात आयुष्य गेलं, मे महिन्यात पंचेचाळीस-सेहेचाळीस डिग्री ही त्यांच्यासाठी बातमी नाही, तो नुसता मे महिना. फेब्रुवारीत आई आणि ते आमच्याकडे बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूला, आलेत आणि मी उत्साहाच्या भरात जाहीर करून टाकलं की एप्रिलमध्ये मुलांचा स्प्रिंग ब्रेक आहे, तर आपण सगळे दक्षिण कॅलिफोर्नियात पाम स्प्रिंग्जला जाऊ, रिसॉर्टमध्ये राहू, मस्त वाळवंट आहे. आई गवार मोडत बसली होती, तिने मान पण वर केली नाही. "वाळवंटात काय बघायचंय गं?" मी म्हटलं अगं तिथे एप्रिलमध्ये तीस-एकतीसच असतं, छान हवा असते. यावर अण्णा म्हणाले, "मग ते वाळवंट कसलं, तो तर आपला जानेवारी झाला."

तर अशा परिस्थितीत मी गेले महिनाभर ही ट्रिप प्लॅन करतेय. इथल्या दोन-तीन मैत्रिणी विचारत होत्या की आईवडील आलेले असताना स्प्रिंग ब्रेकला कुठे जायचं, त्यांना तुकड्या-तुकड्यात मेसेज करण्यापेक्षा म्हटलं एकदाच लिहून टाकू. अजून गेलो नाहीये हां, दोन आठवडे आहेत. पण दोन वर्षांपूर्वी आम्ही चौघंच जाऊन तिथे बऱ्यापैकी गाढवपणा करून आलोय, त्यामुळे अनुभव आहे असं म्हणू शकते.

भारतातल्या वाचकांसाठी, स्प्रिंग ब्रेक म्हणजे मार्च-एप्रिलमधली शाळेची आठवडाभराची सुट्टी. गंमत म्हणजे प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टची वेगळी, त्यामुळे शेजारच्या गावातल्या मैत्रिणीच्या मुलांची सुट्टी संपते तेव्हा आपली सुरू होते आणि एकत्र जायचे सगळे बेत तिथेच बारगळतात. आणि या दिवसांत कॅलिफोर्नियात मुलांना पोहायचं असेल तर जाणार कुठे? समुद्राचं पाणी इथे बाराही महिने गार, डोंगरातल्या टाहो तलावाला अजून बर्फ नाहीतर चिखल, हवाई बेटांचं सहा माणसांचं तिकीट काढून बघा म्हणजे कळेल. वेगसला अण्णांना घेऊन जायची माझी हिंमत नाही. ॲरिझोनातलं स्कॉट्सडेल बघितलं होतं, पण तिकडे मार्चभर बेसबॉलवाल्यांचं स्प्रिंग ट्रेनिंग, म्हणजे सीझनआधीचा सराव असतं, अर्ध्या टीम फिनिक्सच्या आजूबाजूला येऊन बसतात, तेव्हा भाव बघवत नाहीत, आणि एप्रिलमध्ये गेलं तरी गाडीने बाराएक तास. सत्तरीच्या माणसांना बारा तास गाडीत बसवणं म्हणजे पुढचे चार दिवस त्यांच्या कमरेची चौकशी करणं. म्हणून पाम स्प्रिंग्ज.

आता पाम स्प्रिंग्ज म्हणतो आपण सरसकट, पण ते एक गाव नाहीये, कोचेला व्हॅलीत एकाला एक लागून नऊ गावं आहेत. पाम स्प्रिंग्ज, कॅथीड्रल सिटी, रँचो मिराज, पाम डेझर्ट, इंडियन वेल्स, ला किंटा, इंडिओ, अशी हायवे १११ वर ओळीने माळ आहे, डोंबिवली कुठे संपलं आणि ठाकुर्ली कुठे सुरू झालं कळत नाही तसं. हे आधी कळून घ्या कारण हॉटेल शोधताना घोटाळा इथेच होतो. खुद्द पाम स्प्रिंग्जमधली ती गोड गोड फोटोवाली छोटी हॉटेलं असतात ना, पन्नास-साठच्या दशकातली, त्यातली कितीतरी फक्त मोठ्यांसाठी, एकवीस वर्षांखालच्यांना प्रवेशच नाही. मी एक जवळजवळ बुक केलं होतं, नवऱ्याने बारीक अक्षर वाचलं म्हणून वाचलो. मुलांसाठीचे मोठे पूल, लेझी रिव्हर, घसरगुंड्या वगैरे प्रकार पुढे, रँचो मिराज, पाम डेझर्ट, इंडियन वेल्स बाजूला. पाम डेझर्टमध्ये एका मोठ्या रिसॉर्टच्या तर लॉबीतूनच बोट सुटते, आतल्या आत पाण्यात. आईला फोटो दाखवला तर म्हणाली "वाळवंटात एवढं पाणी आणतात कुठून?" त्याचं उत्तर थोडं जमिनीखालून आणि थोडं कोलोराडो नदीतून, कालव्याने. त्या एवढ्याशा पट्ट्यात शंभरावर गोल्फ कोर्स आहेत. अण्णा यावर काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले माझ्याकडे, ज्याच्या शेतात विहिरीने तळ गाठला की टँकर आणलेत त्या माणसाचं ते बघणं होतं.

तारखांचं सांगते, कारण माझ्या मते अर्धी ट्रिप तारखेत असते आणि हॉटेल नंतर. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात इंडियन वेल्सला टेनिसची मोठी टूर्नामेंट असते, तेव्हा सगळी व्हॅली फुल. मग साधारण एप्रिलच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या वीकेंडला इंडिओत कोचेला नावाचा म्युझिक फेस्टिवल, ज्याचं नाव आमच्या चौथीतल्या पोरीलाही माहितीये, आणि त्याच्या पुढच्या वीकेंडला तिथेच स्टेजकोच, ते कंट्री म्युझिकचं. या दिवसांत हॉटेलचे आकडे बघून मला वाटलं वेबसाईट बिघडली. आमची सुट्टी नेमकी कोचेलाच्या आधीच्या आठवड्यात येते, म्हणून रविवार ते गुरुवार असं बुक केलं. रविवारी वीकेंडवाले निघून गेलेले असतात आणि ते चमचम चिकटवलेले पोरंपोरी गुरुवारी संध्याकाळी येईपर्यंत आपण बाहेर. त्याच हॉटेलचा रविवारचा आणि शुक्रवारचा दर, जवळपास दुप्पट फरक दिसला मला.

आणि मेमध्ये जाऊ नका, जुलै तर सोडाच. जुलैत तिथे दुपारी सरासरीच ४२ डिग्री सेल्सियस, दर मात्र एकदम पडतात, ते बघून फसतात लोक. तेवढं ऊन हवं असेल तर अण्णा म्हणतात तसं रावेरला या, फुकट आहे.

मागच्या वेळचा गाढवपणा सांगायचाच राहिला. तेव्हा आम्ही हॉटेल नको, घर घेऊ म्हणून स्विमिंग पूलवालं एक घर भाड्याने घेतलं होतं, फोटोत काय सुंदर, निळंशार पाणी, मागे डोंगर, खजुरीची झाडं. पोचलो, मुलांनी गाडीतच कपडे बदलले होते, धाकटा चार वर्षांचा होता तेव्हा, फ्लोटी घालून पळत जाऊन धपकन उडी मारली आणि वर आला तो ओठ जांभळे. रडता पण येईना त्याला, नुसता हात वर करून "आई आई". पाणी बर्फासारखं. कारण वाळवंट म्हटलं तरी रात्री हवा बरीच गार होते आणि पूल आपोआप गरम होत नाही. घराच्या मालकिणीला मेसेज केला तर उत्तर आलं की पूल हीटिंग वेगळं, रोजचे वेगळे पैसे, आणि चालू केल्यावर पाणी तापायला पूर्ण एक दिवस लागेल. आम्ही दोनच रात्री राहणार होतो! नवरा त्या बाईशी तासभर मेसेजवर भांडला, मग आम्ही पैसे भरले, आणि पाणी कोमट झालं तेव्हा आमची चेकआउटची वेळ झाली होती. वर संध्याकाळी अंगणात छोट्या स्पीकरवर गाणी लावली तर शेजाऱ्याने येऊन सांगितलं की भाड्याच्या घरात बाहेर म्युझिक चालत नाही. खरंच तसा नियम आहे पाम स्प्रिंग्जमध्ये, घराच्या फाईलमध्ये लिहिलेला होता, आम्हीच वाचला नव्हता.

तेव्हा घर घेणार असाल तर पूल हीटिंग आधी विचारा, लेखी विचारा, आणि पोचायच्या आदल्या दिवशी चालू करायला सांगा.

यावेळी हॉटेल. हॉटेलात पूल गरम असतो, ते बघून ठेवलंय. सहा माणसं म्हणजे दोन खोल्या, आणि इथे एक शब्दाचा खेळ आहे, 'ॲडजॉइनिंग' म्हणजे नुसत्या शेजारी, 'कनेक्टिंग' म्हणजे मध्ये दार. आम्हाला मधलं दार हवंय कारण आईला रात्री दोनदा उठावं लागतं आणि अण्णांना पहाटे साडेचारला चहा लागतो, आणि तो चहा मी करणार हे मी आत्तापासून धरून चाललेय. वेबसाईटवर कनेक्टिंगची खात्री मिळत नाही, फोन करून बुकिंगवर नोंद करून घ्यावी लागते आणि आठवडाभर आधी परत फोन करायचा. परवाच केला. त्या मुलीने तीनदा "आय सी द नोट" म्हटलं तेव्हा मी फोन ठेवला.

पैशांचं म्हणाल तर पूर्वी तो रिसॉर्ट फी नावाचा प्रकार शेवटच्या पानावर उगवायचा, दिवसाला चाळीस-पन्नास डॉलर, कशाचे तर म्हणे टॉवेल आणि वायफायचे. मे २०२५ पासून नियम झालाय की जाहिरातीतच सगळी फी धरून दर दाखवायचा, त्यामुळे आता तुलना करणं सोपं झालंय. पण पार्किंग बऱ्याच ठिकाणी अजून वेगळंच असतं, ते बघा.

आता जायचं कसं. आमच्या घरापासून साधारण ४८० मैल, म्हणजे जवळजवळ भुसावळहून पुण्याला जाऊन परत यायचं तेवढं. विमान आहे, पाम स्प्रिंग्जचा विमानतळ पण छान आहे, उघडा, गेटकडे जाताना बाहेरून चालत जायचं. पण सहा तिकिटं अधिक तिथे सात सीटची भाड्याची गाडी, हिशोब काही बसेना. म्हणून गाडीच, पण दोन टप्प्यांत. शनिवारी सकाळी निघून हायवे फाईव्हने खाली, कोअलिंगाजवळ तो गायींचा वास येतो तिथे मुलं नाकं दाबून ओरडतात आणि अण्णा मागच्या खेपेला अमेरिकेत आलेले असताना एकदा इथून गेले होते तेव्हा काच खाली करून म्हणाले होते "एवढं शेणखत वाया जातंय का इथे?" मग ग्रेपव्हाइन घाट, आणि संध्याकाळी लॉस एंजेलिसजवळच्या चिनो हिल्सच्या स्वामीनारायण मंदिरात आरती. २०१२ सालचं मंदिर आहे, गुलाबी दगडाचं, आईला ते दाखवायचंच होतं. खरं सांगायचं तर आईला या ट्रिपला तयार करण्यात सगळ्यात मोठा वाटा त्या मंदिराचा आहे. जवळच मुक्काम आणि रविवारी सकाळी तिथून दीड तासात पाम स्प्रिंग्ज.

शेवटचा टप्पा मला फार आवडतो. सॅन गोर्गोनिओ पास म्हणून खिंड आहे, दोन्ही बाजूंना दहा-दहा हजार फुटांचे डोंगर आणि मधून हायवे टेन, आणि तिथे पवनचक्क्याच पवनचक्क्या, शेकड्यांनी. आधी कबाझॉनला रस्त्याच्या कडेला दोन भलेमोठे डायनासोर उभे आहेत, धाकटा त्यांची वाट बघत झोपणार नाही आणि नेमका तिथेच झोपेल. एक सांगते, त्या खिंडीत उतरायची वेळ आली तर गाडीचं दार हाताने घट्ट धरून उघडा. मागच्या वेळी पेट्रोल पंपावर वाऱ्याने आमचं दार असं काही खेचलं की बिजागरीतून कट्ट असा आवाज आला, अजूनही ते दार लावताना जरा उचलून लावावं लागतं.

दिवसांचा प्लॅन. नवऱ्याने एक्सेल शीट केली होती, चार दिवसांत चौदा गोष्टी, प्रत्येकाला रंग. मी ती उघडली, बघितली आणि दहा ओळी उडवल्या. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं पण मागच्या वेळेला दुपारी दोन वाजता रणरणत्या उन्हात कुठल्याशा प्रसिद्ध माणसाचं घर बाहेरून बघत उभे होतो आम्ही, धाकटा रस्त्यावर लोळत होता, ते मी विसरलेले नाही. आता सकाळी एकच गोष्ट, अकरा-साडेअकराला परत, जेवण, झोप, पूल. संध्याकाळी जमलं तर काहीतरी. बस.

सोमवारी ट्रामवे. पाम स्प्रिंग्ज एरियल ट्रामवे, १९६३ सालची, रोपवे म्हणा ना आपला सप्तशृंगीचा... नाही, ती फ्युनिक्युलर आहे, रुळावरची. ही दोरावरची. खालचं स्टेशन २,६४३ फुटांवर आणि वरचं ८,५१६ फुटांवर आणि हे सगळं दहा मिनिटांत. आपलं कळसूबाई ५,४०० फूट, म्हणजे त्याच्या दीडपटीहून वर जाऊन उतरायचं. डबा गोल आहे आणि आतली जमीन हळूहळू फिरते, वर जाईपर्यंत दोन चकरा होतात, त्यामुळे खिडकीसाठी भांडायचं कारण नाही, सगळ्यांना सगळं दिसतं. हे बांधताना रस्ताच नव्हता म्हणून वरचे खांब हेलिकॉप्टरने सामान नेऊन उभारले. खाली टी-शर्टचं हवामान आणि वर तीस-चाळीस डिग्री फॅरनहाइटने गार, एप्रिलमध्ये वर बर्फ पण असू शकतो, तेव्हा स्वेटर, मोजे, टोप्या वेगळ्या पिशवीत. तिकीट ऑनलाईन वेळ घेऊन काढलंय, स्प्रिंग ब्रेकमध्ये तसंच गेलं तर दोन-दोन तास ताटकळावं लागतं. अण्णांना बीपी आहे म्हणून एवढ्या झटक्यात एवढ्या उंचीवर चालेल का हे त्यांच्या डॉक्टरांना विचारून घेतलं, ते म्हणाले जा पण वर गेल्यावर भराभर चालायचं नाही. अण्णा भराभर चालणार. आईला कामाला लावलंय त्यांच्यावर.

मंगळवारी इंडियन कॅनियन्स. आईने विचारलं "इंडियन म्हणजे आपलेच का?" नाही, हे तिथले मूळचे लोक, आगुआ कॅलिएंते काहुइया जमात, ती दरी त्यांची आहे, तिकिटाचे पैसे त्यांना जातात. आणि फक्त दरीच नाही, पाम स्प्रिंग्ज गावाची बरीचशी जमीनही त्यांचीच. रेल्वे आली तेव्हा सरकारने जमिनीचे मैल-मैलाचे चौकोन पाडले, एक रेल्वेला एक यांना, एक रेल्वेला एक यांना, बुद्धिबळाच्या पटासारखे, आणि ते अजून तसंच आहे, कितीतरी हॉटेलं त्यांच्या जमिनीवर भाडेपट्ट्याने उभी आहेत. अण्णांना हे सांगितल्यावर पहिल्यांदा ते खुर्चीत जरा पुढे सरकले. सातबारा कुणाच्या नावावर आहे हे कळल्याशिवाय त्यांना कुठलंच गाव कळत नाही. तिथे अँड्रियास कॅनियन म्हणून साधारण मैलभराची सोपी चक्कर आहे, शेजारून ओढा वाहतो आणि डोक्यावर खजुरीसारखी झाडं, फॅन पाम, कॅलिफोर्नियात मूळचं असलेलं एवढं एकच पाम. वाळक्या झावळ्या पडत नाहीत, खोडाला घागऱ्यासारख्या लटकत राहतात. सावली आहे, आईचे गुडघे चालवून घेतील.

बुधवारी जोशुआ ट्री नॅशनल पार्क, आणि इथे आमची लेक कामाला आली. अमेरिकेत चौथीतल्या मुलांना वर्षभर नॅशनल पार्कचा फुकट पास मिळतो, एव्हरी किड आउटडोअर्स म्हणून, वेबसाईटवर मूल स्वतः छोटी ॲक्टिव्हिटी करतं आणि पास निघतो, गाडीतल्या सगळ्यांना चालतो. नाहीतर एका गाडीचे तीस डॉलर. प्रिंट काढून जवळ ठेवा. तिने तो कागद फ्रीजवर लावलाय आणि रोज दोनदा सांगते की तुम्ही सगळे माझ्यामुळे फुकट जाताय. पार्कमध्ये पेट्रोल नाही, दुकान नाही, फोनला रेंज जवळपास नाहीच, नकाशा आधी डाऊनलोड करा, टाकी फुल करा, माणशी निदान चार लिटर पाणी.

आणि एक साधा प्लास्टिकचा कंगवा घ्या. हसू नका. तिथे चोया कॅक्टसची बाग आहे, लांबून टेडी बेअरसारखे मऊ दिसतात, सकाळच्या उन्हात तर सोन्यासारखे चमकतात, आणि त्याचे गोळे नुसते घासून गेलात तरी तुटून अंगाला चिकटतात. मागच्या वेळी धाकट्याच्या बुटाला एक चिकटला, लेकीने तो काढायला हात लावला, तो तिच्या अंगठ्याला, मी तिचा हात धरला तर माझ्या तळव्याला. काट्यांना टोकाशी उलटे बारीक दात असतात, खेचलं की मांस वर येतं पण काटा येत नाही. एक अनोळखी आजीबाई आल्या, पर्समधून कंगवा काढला, गोळ्याच्या खाली घातला आणि फटकन उडवला, एका झटक्यात. राहिलेले काटे त्यांनी चिमट्याने काढले, एकेक, लेकीला विचारत की तुझ्या कुत्र्याचं नाव काय. आमच्याकडे कुत्रा नाही, तरी पोरीने एक नाव सांगितलं. तेव्हापासून आमच्या गाडीत कंगवा असतो.

बुधवारी संध्याकाळ तिथेच थांबायचा विचार आहे, अंधार होईपर्यंत. तारे बघायला तो भाग प्रसिद्ध आहे, डार्क स्काय पार्क म्हणून नोंद झालीये. एप्रिलमध्ये संध्याकाळी मृग मावळतीला गेलेला असतो आणि सप्तर्षी वर. अण्णांनी मला लहानपणी केळीत रात्रीचं पाणी धरायला जाताना नक्षत्रं दाखवली होती, लाईट रात्रीची असायची तेव्हा, आता त्यांनी माझ्या पोरांना दाखवावीत एवढाच माझा स्वार्थ. धाकट्याने आधीच विचारलंय की तिथे वायफाय आहे का.

खाण्याचं आईने ताब्यात घेतलंय. खोलीत हॉटप्लेट लावायला परवानगी नसते बहुतेक ठिकाणी, म्हणून छोटं किचन असलेलीच खोली घेतली, थोडी महाग पडली पण सहा माणसांचं तीन वेळा बाहेर खाण्यापेक्षा स्वस्तच. कळण्याच्या पिठाचा डबा, ठेचा, मेतकूट, दशम्या, शेव (शेवभाजीसाठी, "तिथे टोमॅटो तर मिळतील ना?"). मी म्हटलं आई, वाळवंट असलं तरी कॉस्टकोचं दुकान आहे.

पूलचं मात्र नाजूक प्रकरण होतं. इथल्या पूलमध्ये सुती पंजाबी ड्रेस घालून उतरू देत नाहीत, पोहायचेच कपडे लागतात, आणि आईला मी म्हटलं की तू नुसती बस काठावर. तर म्हणाली "मग मी पण उतरेन की, तापीत पोहायला शिकलेय मी." पन्नास वर्षांत हे मला माहीत नव्हतं! मग तिच्यासाठी पूर्ण बाह्यांचा स्विम शर्ट आणि घोट्यापर्यंतची स्विम लेगिंग आणली. बाथरूममध्ये घालून बघायला गेली, पंधरा मिनिटं बाहेरच येईना, मी दार वाजवलं तर आतून हसण्याचा आवाज. दार दोन बोटं उघडून म्हणाली "अण्णांना बाहेर पाठव आधी." अण्णा गेले बाल्कनीत. मग आली बाहेर, कुंकू, मंगळसूत्र आणि काळा स्विम सूट, आणि लेक म्हणाली "आज्जी, यू लुक लाइक अ निंजा." गेले आठ दिवस निंजा म्हणूनच हाक मारतेय.

अण्णांचं मात्र काही केल्या जमत नव्हतं. ट्राम, तारे, सगळ्याला "बघू" म्हणायचे. मग मागच्या रविवारी मी सहज म्हटलं की गुरुवारी परत निघायच्या आधी खजूर घ्यायला इंडिओला जाऊ, तिथे बागा आहेत खजुराच्या, १९२४ पासूनचं शील्ड्ज म्हणून दुकान आहे, डेट शेक मिळतो. पेपर खाली ठेवला त्यांनी. "बागा? इथे खजूर कुणी आणला?"

मग मी वाचलेलं सगळं सांगितलं. अमेरिकेतला बराचसा खजूर याच व्हॅलीत होतो, शंभरेक वर्षांपूर्वी सरकारने माणसं पाठवून अरबस्तान, अल्जीरिया वगैरेकडून रोपं आणली. मेजूल जो आपण आता कॉस्टकोतून आणतो, तो १९२७ साली मोरोक्कोतून आणला, तिथे झाडांवर रोग पडला होता म्हणून निरोगी झाडाची अकराच पिल्लं आणली आणि त्यातली नऊ जगली. "पिल्लं म्हणजे मुनवे," अण्णा म्हणाले. "केळीसारखे बुंध्यातून येतात का?" हो, तसेच येतात. मग काय, सुरूच झाले. अंतर किती ठेवतात, पाणी ठिबकने का पाटाने, नर झाड वेगळं असतं का. वेगळं असतं, आणि परागकण माणसं हाताने टाकतात, शिडीने वर चढून, आणि ते काम नेमकं याच दिवसांत, फेब्रुवारी ते एप्रिल. उन्हाळ्यात घडाला पिशव्या घालतात पाऊस आणि पाखरांपासून. "स्कर्टिंग बॅग, केळीच्या घडाला घालतो तीच," अण्णा आईकडे बघून म्हणाले, जणू आईच इतके दिवस वाद घालत होती. पुढे मक्का नावाचं गाव आहे, समुद्रसपाटीच्या दीडशे फुटांहून खाली, तिथपर्यंत बागा आहेत हे ऐकल्यावर त्यांनी मला नकाशा काढायला लावला.

नवऱ्याने एक्सेलमध्ये गुरुवारची ओळ परत टाकली, हिरवा रंग देऊन. डेट शेकच्या पुढे त्याने 'अण्णा: डायबिटीस??' असं लिहिलंय, ते मी खोडलं, एकात सहा चमचे मागवू.

काल रात्री पाणी प्यायला उठले तर अण्णा हॉलमध्ये फोनवर, रावेरला काकांशी, तिकडे दुपार असते. "हो हो, गाडीनेच," ते सांगत होते, "खजुराचा बाग बघायला चाललोय. आठशे किलोमीटर आहे. नाही नाही, बाकी काही नाही तिथे, नुसतं ऊन."